पायरीवरची मंडळी

आमच्या हेडमास्तरांना कुणी "चर्च कुठे आहे हो?" असं विचारलं, की त्या माणसाची पंचाईत झालीच म्हणून समजा. एकदा मुंबईहून मिशनच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले होते. म्हसळ्याहून एस.टी.ने येऊन धुळीने माखलेले, हातात बॅग, आणि नेमकं शाळेच्या दारात मास्तरांनाच गाठून त्यांनी हा प्रश्न विचारला. मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचार केला. म्हणाले, "आत्ता नक्की सांगणं कठीण आहे. दोघं बंदरावर गेलेत. एक म्हातारी तापाने पडलीय, तिच्याकडे तिघी बसल्यात. एक माणगावला बाजाराला गेलाय, तो दुपारच्या गाडीने येईल. मी आणि ह्या बाई इथे आहोत. म्हणजे थोडं चर्च तुमच्यासमोर उभं आहे. बाकीचं रविवारी सकाळी जमेल." गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी बोटाने त्यांना चिंचेपलीकडची मंगलोरी कौलं दाखवली. "ती छपरी," मास्तर म्हणाले. "डोक्याला ऊन लागू नये म्हणून बांधलीय."

मी तेव्हा शाळेत नवीन होते. मला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतोय. पुढे बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली तेव्हा कळलं, की ह्या माणसाने जन्मात थट्टा अशी कधी केलीच नाही. बोलायचे ते अगदी मनापासून, आणि आम्ही हसलो की त्यांना खरोखरच राग यायचा.

श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं गाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. समुद्राकडे कोळीवाडा, मधे सुपारीच्या वाड्या, आणि गावाच्या एका अंगाला आम्ही अकरा ख्रिस्ती घरं. कुणाचे आजे कोळ्यांतले, कुणाचे महारवाड्यातले, एक घर तर चित्पावनांतून आलेलं. स्वातंत्र्यानंतर मिशनचे गोरे साहेब बोटीत बसून निघून गेले आणि मागे उरली सातवीपर्यंतची शाळा, दगडी प्रार्थनामंदिर आणि आमची मंडळी. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला मंडळीच म्हणतो. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, अलिबागला राहायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि पेला, द्यायला यायचे. बाकीचे रविवार मास्तर चालवायचे. साहेबाने जाताना मंदिराची चावी मास्तरांच्या हातात दिली होती, तर ह्यांनी ती नेऊन उस्मानभाईंच्या बेकरीत खिळ्याला अडकवली. मंडळीच्या पंचांनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "ज्याला प्रार्थना करायचीय त्याला मला शोधत फिरावं लागू नये. बेकरी पहाटे उघडते."

दिसायला म्हणाल तर वाळकं खोड. काळा अल्पाकाचा कोट, त्याचं मधलं बटण गेलेलं, आणि त्या जागी बायको गेल्यापासून टाचणी. काखेत छत्री. ती छत्री त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती काखेत मारून अकराच्या अकरा घरं फिरायचे. लोकांना वाटायचं, ख्यालीखुशाली विचारायला येतात. छे, ते भांडणं हुडकायला यायचे. कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाची कोंबडी हाकलली, सगळं काढून घ्यायचे. कारण त्यांचा एक नियम होता, मंडळीत कुणाचा अबोला असला तर रविवारी पेटी वाजायची नाही. आणि पेटी अख्ख्या गावात त्यांनाच यायची.

दोन जावांचा एका वरवंट्यावरून अबोला होता, त्या रविवारचं मला आठवतंय. मास्तर पेटीपुढे बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गप्प. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पोरं रडायला लागली, एक म्हातारा घोरायला लागला. पंचांपैकी एकाने विचारलं, "मास्तर, सुरुवात करायची ना?" मास्तर म्हणाले, "डाव्या हाताने उजव्याशी बोलणं टाकलंय. मी वाजवू कसा?" दीड तासाने थोरली जाऊ उठून म्हणाली, "घे बाई तो वरवंटा, पण ह्यांना एकदाचं वाजवायला सांग." आणि मग जे गीत झालं, तसं आमच्याकडे नाताळात सुद्धा होत नसे.

एका वर्षी वादळाने मंदिराची निम्मी कौलं उडाली. सगळे छाती पिटत तिथे जमले, "चर्च गेलं, चर्च गेलं" म्हणून. मास्तरांचा पत्ताच नाही. तासाभराने गुडघाभर चिखलात बरबटून आले. सगळ्या घरांवरून फिरून आले होते. म्हणाले, "कोण म्हणतं गेलं? मी आत्ता बघून आलो. शाबूत आहे. दोघांना सर्दी झालीय तेवढी." आणि मग छपराकडे वर बघून, जणू आताच दिसतंय असं, "हां, छपरी गेलीय. ती करू."

खोट्याची मात्र त्यांना भारी चीड. शाळेच्या हजेरीपत्रकात स्वतःच्या नावापुढे लाल शाईने "सात मिनिटे उशीर" असं लिहिणारा हेडमास्तर मी दुसरा पाहिला नाही. डिपोटीसाहेब तपासणीला यायचे तेव्हा आजूबाजूच्या शाळा इकडची तिकडची पोरं आणून वर्ग भरायच्या. आमच्याकडे एकतीस पोरं, तर एकतीसच. एका शिक्षकाने एकदा न आलेल्या चार पोरांची हजेरी मांडली. मास्तरांनी त्याला कामावरून काढलं आणि त्याचं सामान डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत पोचवायला स्वतः गेले. दोघंही रडत होते म्हणे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आता माझी गोष्ट. माझे यजमान मुंबईला गोदीत होते, नाताळाला आणि मे महिन्यात यायचे. मी आणि माझी पाच वर्षांची शालू, आम्ही दोघीच इथे, शाळेने दिलेल्या खोलीत. एका पावसाळ्याअखेर शालूला विषमज्वर झाला. म्हसळ्याचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. अठरा दिवस ताप उतरेना. पोर ओळख विसरली, डोळे पांढरे करायला लागली. मंडळीतल्या बायका आळीपाळीने येऊन प्रार्थना करत होत्या, मी तर बसल्या-उठल्या प्रार्थनाच करत होते. एकोणिसाव्या दिवशी शेजारची काशी कोळीण दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, तुझा देव मोठा हाय, मी न्हाय कुठं म्हनते? पन गावची आई बी हायच की. एक नारळ कबूल कर. पोर काय कुना एकाची नसते." मी तिथल्या तिथे हात जोडून नारळ आणि खण कबूल केला. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला कुणी समुद्रात उडी मारायला सांगितलं असतं तर तीही मारली असती.

ताप उतरला. कशाने उतरला ते ज्याचं त्याला ठाऊक. पंधरा दिवसांनी भर दुपारी मी बंदरावरच्या देवीला नारळ देऊन आले, आणि नेमकी परतताना सोनाबाई समोर. सोनाबाई म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यात जुनी सेविका. घरोघर जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी, पांढऱ्या लुगड्यातली, काठीसारखी ताठ. तिने माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि तशीच पुढे निघून गेली. 

महिन्याच्या पहिल्या रविवारआधीच्या सोमवारी पाळकसाहेबांना मुद्दाम बोलावून पंच बसले. पाळकसाहेब तेव्हा नुकतेच शिकून आलेले, पोरसवदाच, कॉलर गळ्याला टोचत असल्यासारखे बसायचे. त्यांनी विचारलं, "बाई, हे खरं का?" मी म्हटलं, "खरं. पोर मरत होती." "चूक झाली असं वाटतं?" मी त्यांच्या कॉलरकडे बघत राहिले. "पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा कराल?" आता ह्याला काय म्हणायचं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "पोर पुन्हा मरायला लागली तर करीन." झालं. माझं नाव मंडळीच्या यादीतून खोडलं. मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करीपर्यंत प्रभुभोजन बंद.

मला वाटलं, मास्तर तरी माझी बाजू घेतील. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला बोलावलं आणि अर्धा तास झापलं. "अठरा दिवस एकाच्या दारात बसलात, आणि एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या दारात गेलात. त्याला काय वाटलं असेल?" मी म्हटलं, "कुणाला?" म्हणाले, "तुम्ही ज्याच्याकडे अठरा दिवस रडलात त्याला. त्याचाही एकुलता एक क्रुसावर गेलाय. त्याला काय पोराचं दुःख कळत नव्हतं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा वर्गात निघून गेले आणि चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तरी रविवारी गेले. घरी बसले असते तर सोनाबाईला वाटलं असतं, ही घाबरली. पण आत पाऊल टाकवेना. दारातल्या पायरीवर शालूला घेऊन बसले. आतून प्रार्थना ऐकू येत होती. मग गीताची वेळ झाली, आणि पेटीचा आवाज काही येईना. बघते तर मास्तर पेटी छातीशी धरून, धापा टाकत बाहेर येतायत. माझ्या शेजारी पायरीवर पेटी ठेवली, भाता उघडला आणि वाजवायला लागले. आत मंडळी, बाहेर पेटी. आतल्यांना सूर नीट ऐकू येईना, त्यामुळे आतलं गीत एका ओळीवर आणि आमचं दुसऱ्या. पाळकसाहेब बाहेर आले. "मास्तर, आत चला."

"आतच आहे की," मास्तर म्हणाले. "मंडळी म्हणजे एक शरीर, हे तुम्हीच आत्ता सांगत होतात. तुम्ही त्यातलं एक बोट तोडून पायरीवर ठेवलंत. मी बोटाजवळ बसलोय, ते सुकू नये म्हणून."

"त्यांनी चूक कबूल केली की आम्ही त्यांना घेणारच आहोत."

"त्या करतील तेव्हा करतील. चुकल्यात, ते मी त्यांना सांगितलंय. पण पाय ठणकतो म्हणून रात्री कुणी तो उंबऱ्याबाहेर ठेवून निजतं का, पाळकसाहेब?"

 पाळकसाहेब आत गेले आणि पेटीशिवायच प्रभुभोजन झालं. भाकरीचं ताट पायरीपर्यंत आलं नाही. मास्तरांनी ते मागितलंही नाही.

असे आठ महिने गेले. आठ महिने दर रविवारी मास्तर पायरीवर, पाळक नसले की प्रार्थनाही तिथूनच चालवायचे. वेळी-अवेळी सर आली की त्यांनी ती छत्री अखेर उघडली. तिला दोन भोकं होती. आम्ही तिघं तिच्याखाली आणि पेटीवर गोणपाट. मी त्यांना हात जोडून सांगितलं, "मास्तर, माझ्यापायी तुम्ही का उपाशी राहता? जा ना आत." तर म्हणाले, "मी गेलो की इथे तुम्ही एकट्या. एकट्या माणसाला मंडळी म्हणता येत नाही. दोघं असली की म्हणता येतं. हिशेब साधा आहे."  खरं सांगते, त्या आठ महिन्यांत मला एकदाही टाकल्यासारखं वाटलं नाही. लाज वाटली, राग आला, रडू आलं. टाकल्यासारखं मात्र नाही.

मे महिन्यात मिशनच्या ऑफिसचं पत्र आलं. मंडळीत नाव नसलेल्या शिक्षिकेला जूनपासून कामावर ठेवता येणार नाही, वार्षिक सभेत काय ते ठरवून कळवा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. यजमान मुंबईत आठ गड्यांच्या खोलीत राहत होते, तिथे पोरीला घेऊन मी कुठे जाणार? माहेर उरलं नव्हतं. शाळेची खोली गेली की डोक्यावर छप्पर नाही. शनिवारी दुपारी मास्तर आले तेव्हा मी म्हटलं, "उद्या मी उभी राहते आणि म्हणते, चुकले, पुन्हा करणार नाही."

"तसं वाटतं तुम्हाला?"

"नाही. पण म्हणते."

मास्तरांनी कोटाची टाचणी काढून पुन्हा नीट टोचली. मग म्हणाले, "मंडळीपुढे खोटं बोलून आत याल. मग आत येऊन कराल काय? तिथे खरं बोलता आलं नाही, तर जगात दुसरी कुठली जागा आहे? नाही बाई, तसं करू नका. मला तुम्ही आत हव्यात, तुमच्या नावाचं भूत नको." आणि छत्री घेऊन गेले. मी मनात म्हटलं, तुमचं काय जातंय सांगायला?

रविवारी सभा भरली. उकाडा मी म्हणत होता. मी दाराशी उभी. पाळकसाहेबांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर उठले. आठ महिन्यांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले आणि मधोमध उभे राहिले. म्हणाले, "बाईंच्या आधी माझं बघा. माझी बायको घाटावरच्या मिशनच्या इस्पितळात होती, तेव्हा मी गावी येऊन ह्याच देवीला नारळ दिला होता. बावीस वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही."

 सोनाबाईने पदर तोंडाला लावला.

"बाईंचं नाव आठ महिने खोडलंत," मास्तर पुढे म्हणाले, "तर माझं बावीस वर्षं खोडायला हवं होतं. ती बावीस वर्षं मी तुमची पेटी वाजवली, तुमच्या पोरांना प्रार्थना शिकवल्या, पाळक नसताना तुमची माणसं पुरली. बाहेरच्या माणसाने केलेलं हे सगळं रद्द धरायचं का, तेवढं आज ठरवा."

पंच एकमेकांच्या कानाला लागले. एक म्हातारे पंच घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "म्हणजे आमच्या बाबांना परत पुरायचं की काय?" कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. पाळकसाहेबांनी डोळ्यांवरून हात फिरवला. शेवटी ठरलं असं, की मास्तरांनी चूक कबूल केलीच आहे, बाईंनी त्यांच्या शेजारी नुसतं उभं राहावं, पाळकसाहेब दोघांसाठी एकच प्रार्थना करतील. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.  माझं नाव यादीत परत आलं, त्यांचं राहिलं, आणि शाळेची खोलीही राहिली.

त्या दिवशी भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं तेव्हा मी इतकी रडले की मला घास गिळवेना. मास्तरांपुढे ताट आलं, त्यांनी ते तसंच शेजारच्याकडे दिलं. मी खुणेने विचारलं. म्हणाले, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळीही तेच. सहा वर्षं तेच. गावात सगळे म्हणायचे, मास्तर केल्या पापाचं प्रायश्चित्त घेतायत. मलाही तसंच वाटायचं. एवढ्या कडक माणसाला बावीस वर्षांचं लपवणं केवढं लागलं असेल, असं वाटून माझा जीव तुटायचा. पेटी वाजवायला मात्र ते आत बसायचे. अबोल्याचा नियमही तोच.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. उरणला दिलेली त्यांची धाकटी बहीण सेवेला आली. एका दुपारी मी पेज घेऊन गेले. मास्तरांचा डोळा लागला होता. आम्ही दोघी ओटीवर बोलत बसलो आणि बोलता बोलता मी म्हटलं, "वहिनींसाठी त्यांनी त्या वेळी गावी येऊन नवस फेडला, ते त्यांच्या मनाला फार लागलंय हो."

"कधी?" ती म्हणाली. "वहिनी इस्पितळात होती तेव्हा? अगं, दोन महिने तो तिच्या खाटेपासून हलला नाही. डबा मीच नेत होते की. आंघोळीला जायचा तेवढाच. आणि दादा नि नवस? त्याला त्या देवळाची वाट तरी ठाऊक आहे का?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. हजेरीपत्रकातल्या चार पोरांसाठी माणूस काढून टाकणारा हा गृहस्थ, मला आदल्या दिवशी खोटं बोलू नका म्हणून सांगून गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सगळ्या मंडळीपुढे उभा राहून धडधडीत खोटं बोलला. माझ्यासाठी.

ते जागे झाले तेव्हा मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "बोललो खोटं."

"म्हणून सहा वर्षं भाकर घेत नाही?"

"पश्चात्ताप झाल्याशिवाय घ्यायची नाही, असं मी तुम्हा सगळ्यांना शिकवत आलो. मला पश्चात्ताप होत नाही. दर महिन्याला तपासून बघतो. होतच नाही, त्याला मी काय करू?"

"मी सांगते सगळ्यांना. ह्या रविवारीच सांगते."

"मूर्खपणा करू नका. तुमचं नाव पुन्हा खोडतील."

"खोडू देत."

मास्तर एकदम उठून बसायला लागले, मी त्यांना धरलं. चिडून म्हणाले, "तुम्हाला आत आणायला मी बाहेर गेलो. आता मला आत आणायला तुम्ही बाहेर जाणार. मग आत राहायचं कुणी? त्या सोनाबाईने एकटीने?"

मला हसूही आलं आणि रडूही. पण माझं ठरलं होतं. हट्टाला पेटायचं कसं ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

तो महिन्याचा पहिलाच रविवार होता. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली उस्मानभाईंच्या बेकरीतला पाव, पेल्यात मनुकांचा रस. पाळकसाहेबांच्या कानाशी आता एखाददुसरा पांढरा केस दिसत होता. ते कापड उचलणार तोच मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी कधीच नारळ दिला नव्हता हे सांगितलं. मी दिला होता, आणि त्याबद्दल काय वाटायला हवं ते मला सहा वर्षांत नीटसं कळलेलं नाही, हेही सांगितलं. म्हटलं, "ते माझ्यापायी उपाशी आहेत. मी आज घेणार नाही. माझं नाव खोडायचं तर खोडा, पण त्यांचं काय करायचं ते बघा." आणि मटकन खाली बसले.

पाळकसाहेबांनी पावावरचं कापड पुन्हा नीट केलं.  मग त्यांनी ताट उचललं, पंचांना पेला घ्यायला सांगितलं आणि दाराबाहेर पडले. आम्ही त्यांच्या मागे. जावा, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे. बाजारातून जाताना उस्मानभाई बेकरीच्या फळीवरून उठून उभे राहिले.

मास्तर ओटीवर बाजेवर पडले होते. एवढी माणसं अंगणात शिरताना बघून म्हणाले, "कोण मेलं?"

"अजून कुणी न्हाय," सोनाबाई म्हणाली.

पाळकसाहेब बाजेशी गुडघे टेकून बसले. "मास्तर, बाईंनी सगळं सांगितलं." मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पोरांच्या मागे झाले. "एकच विचारतो," पाळकसाहेब म्हणाले, "खोटं बोललात त्याचा पश्चात्ताप होतो?"

"नाही."

पाळकसाहेबांचा हात ताटावरच राहिला.  तेव्हा सोनाबाईने काठी भिंतीला टेकवली. जिने मला देवीच्या वाटेवर पाहिलं होतं आणि जिच्या तोंडून ते पंचांच्या कानावर गेलं होतं, तीच ही सोनाबाई. तिने वाकून ताटातल्या पावाचा तुकडा मोडला.

"तुमचा त्यो नारळ खोटा हाय, मला तवाच वाटलं व्हतं," ती म्हणाली. "पश्चात्तापाचं तुमी नि प्रभू बघून घ्या, मास्तर. तुमची त्याची गाठ आता लांब न्हाय. तोंड उघडा."

 मास्तरांनी तोंड उघडलं आणि सोनाबाईने तो तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. बहिणीने पदराने डोळे पुसले. पण मास्तर चावेनात. गाल फुगवून, घास तसाच तोंडात धरून, त्यांनी गर्दीत कुणालातरी शोधलं. मी दिसले तेव्हा हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं आणि तसेच बघत राहिले.

आधी कुणाच्या लक्षात येईना. मग सोनाबाईच्याच आलं. ती ताट घेऊन पोरांमधून वाट काढत माझ्यापुढे आली.

"घे गो बाय," ती म्हणाली. "तू न्हाय घेतलंस तर तो म्हातारा घास तोंडात धरूनच मरंल."

मी घेतला. मी चावून गिळीपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी गिळला.